एका चुलीचे एक घर

“मागच्या फेरीपासून सांगा. त्याच्या आधीचं माझ्याकडं हाय.”

एवढे बोलून ते पेनाचे टोपण दातात धरत आणि मांडीवर वही उघडत. राणीसावरगावजवळचे एक खेडे, तीच चाळीस घरे, दर महिन्याला एक फेरी. असे बावीस वर्षे. एका संशोधन संस्थेसाठी ते माहिती गोळा करत. काय पेरले, कोण कोणाच्या रानात किती दिवस राबले, शेळी का विकली, ताटात काय होते. गाव त्यांना मास्तर म्हणे. शिकवले त्यांनी कोणालाच नाही.

मी तेव्हा गंगाखेडला वार्ताहर होतो. एका बातमीसाठी त्यांच्यासोबत फिरलो आणि मग जातच राहिलो. तुम्ही-आम्ही एखाद्या घरात एकदा जातो आणि त्याच्याविषयी मत बनवून मोकळे होतो. मास्तरांनी एवढ्या वर्षांत मत दिलेले मी ऐकले नाही.

एका म्हातारीने सांगितले, तूर घरचीच खातो. त्यांनी मागची पाने चाळली.

“काकू, तूर तर पोळ्यालाच सरली व्हती.”

“आता गं बया! माझ्या पोटात किती गेली तेबी लिवलंय का?”

“लिवलंय.”

त्यांचा नियम एकच होता. एका चुलीवर जेवतात ते एक घर. चुली दोन झाल्या की वहीत घरे दोन.

गावात एक आबा होते. आपले घर फुटले नाही, याचा त्यांना फार अभिमान. धाकट्या सुनेने गोठ्यामागे गुपचूप वेगळी चूल मांडली. मास्तरांना मात्र तिने खरे सांगितले. आबांना कुणकुण लागली आणि त्यांनी भर ओसरीवर, सगळ्यांदेखत विचारले, “मास्तर, आमच्या घरात चुली किती?”

सून खांबाला धरून उभी होती. ‘एक’ म्हणणे सोपे होते, पण खोटे; ‘दोन’ म्हटले तर सून अडचणीत. गप्प राहिले तर दार बंद, आणि त्या घराची तोवरची नोंद तिथेच तुटणार.

“आबा, मी इचारायला येतो. सांगायला न्हाई.”

“मग इचारायलाबी येऊ नका.”

पुढच्या महिन्यात ते गेले. दाराबाहेर थांबले, ‘उत्तर नाही’ असे लिहिले, शेजारच्या घरी गेले. अशा सात फेऱ्या झाल्या. आठव्या वेळी आबांनीच हाक मारली. “या, बसा. सून आपल्या तोंडानं बोलली. लिवा, दोन चुली.”

मास्तरांनी लिहिले. मग मान वर न करता मागच्या सात महिन्यांचे विचारायला लागले. आबा वैतागले, पण सांगत राहिले.

मागच्या वर्षी मास्तर सोनपेठला, आपल्या घरी वारले. पुढच्या फेरीला टॅब घेऊन एक मुलगी आली. मी तिच्यासोबत होतो. आबांना आता दिसत नाही.

“मास्तर कुठायत?”

तिने सांगितले. आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ती हळूच उठायला लागली, तसा त्यांनी हात आडवा केला.

“बस, बाई. इचार. मी न्हाई म्हणलं तर त्यांची वही अर्धी ऱ्हाईल.”