वारा टेकडीवर चढला तेव्हा

आज भाऊबीजेचं उटणं भिजवलं आणि वासासरशी रिठदजवळच्या माहेराचं अंगण समोर आलं.

एका साली रानडुकरांनी तूर पार लोळवली होती. दादा पहाटेच भाला घेऊन निघाला, तर आईनं त्याला आधी पाटावर बसवलं. "चोळ, आणखी चोळ," ती मला म्हणाली.

"शिकारीले वासाचं लावत नसतात वं माय!" दादा ओरडला.

"भाऊबीज हाय. गुमान बस."

तो गेल्यावर आम्ही अंगणातल्या चुलीपाशी बसलो. टेकडीवरून गार वारा खाली येत होता, धूर आमच्याच डोळ्यांत जात होता. डुक्कर वरच्या झुडपात आणि दादा खाली नाल्यात दबा धरून. आदल्या साली डुकरानं काकाची मांडी फाडली होती. पिवळे हात मांडीत दाबून मी धुराकडे पाहत राहिले.

ऊन चढलं, टेकडी तापली आणि धूर वळून वर जाऊ लागला. मी ताडकन उठले. "माय, आता दादाचा वास डुकराले जाईन!"

धुराकडे बघत आईनं चहाचं आधण ठेवलं.

दादा तणतणत, रिकाम्या हातानं परतला. "वारा फिरला अन् डुक्कर पल्याड पळालं. तुह्या उटण्यानं!"

आईनं मान खाली घातली. मला ती ओशाळल्यासारखी वाटली होती. पण तिचा जन्म त्याच टेकडीखालचा; ऊन चढलं की वारा वर फिरतो, हे तिला ठाऊक होतं. त्या सकाळी ती वाऱ्याचीच वाट पाहत होती.

दादा अजून भाला घेऊन टेकडीवर जातो. मी अख्खी पुडी भिजवली आहे.