हॅलिफॅक्सचा तारबाबू आणि टेंभरे साहेब

टेंभरे साहेब गेल्याचं मला अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर कळलं. सांगणाऱ्याला वाटलं, मला ओळख पटली नाही. म्हणून त्यानं खूण सांगितली, "अजी तेच, फुटक्या पारीचे मास्तर. न फुटलेली पार पाहून गाडी थांबवली होती ना?" आणि तो हसला. पार म्हणजे आमच्याकडे तलावाचा मातीचा बांध. मला त्याचा राग आला नाही, माझाच आला. दहा-बारा वर्षं लोक असेच हसत होते आणि मी शेजारी गप्प उभा राहत होतो. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले...

सौंदडच्या पुढच्या एका लहानशा स्टेशनात साहेब स्टेशन मास्तर होते. दिवसातून मोजक्या गाड्या, बाकी वेळ भाताच्या बांध्या आणि बगळे. मी जवळच्या तलावावर पाणी सोडायच्या कामाला होतो, हंगामी. दुपारी स्टेशनात जाऊन बसायचं आणि साहेबांच्या गोष्टी ऐकायच्या हा माझा नेम. त्यांना जगाच्या इतिहासातल्या असल्या गोष्टी ठाऊक, की ऐकणारा आधी त्यांच्या तोंडाकडेच पाहायचा. बोस्टन शहरात काकवीची टाकी फुटून रस्त्यात पूर आला आणि माणसं त्यात बुडून मेली. ऑस्ट्रेलियाचं सैन्य मशिनगन घेऊन इमू पक्ष्यांवर चालून गेलं आणि हात हलवत परत आलं. हे सगळं ते वह्यांत उतरवून ठेवायचे, आणि मी खोटं म्हटलं की वही उघडून पुढ्यात टाकायचे. त्यांची लाडकी गोष्ट मात्र हॅलिफॅक्सच्या तारबाबूची. पहिल्या महायुद्धात कॅनडातल्या त्या बंदरात दारूगोळ्यानं भरलेलं जहाज पेटलं. रेल्वेच्या तारबाबूला एका खलाशानं येऊन बजावलं, पळा. तो निघालाही. मग त्याला येणारी गाडी आठवली. तो माघारी फिरला, गाडी थांबवा म्हणून तार केली आणि जहाजाच्या स्फोटात तिथंच मेला. 

मोठी लाईन, म्हणजे ब्रॉडगेज, होऊन काही वर्षं झाली होती, मोबाईल अजून आमच्यापर्यंत पोचले नव्हते. चार दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती आणि तलाव तोंडापर्यंत भरला होता. लाईन त्याच्या अगदी खालून जाते. सकाळी दहाच्या सुमारास पारीखालच्या बांध्यांत मला लाल गढूळ पाणी उसळताना दिसलं. पारीतून स्वच्छ पाणी झिरपलं तर आम्ही घाबरत नाही. गढूळ आलं म्हणजे माती सुटली. मी वर चढून पाहिलं नाही. पळत सुटलो. स्टेशनात गोंदियाची पॅसेंजर उभी होती, सिग्नल दिलेला होता. पार फुटतेय म्हणून ओरडलो. साहेबांनी मला एकच विचारलं, "तू पाहिलंस?" मी हो म्हटलं. त्यांनी सिग्नल परत लाल केला.

पुढचे दोन तास मी विसरू शकत नाही. गँगमन लाईन पाहायला गेले होते. पाऊस सुरूच. गाडीतल्या एका म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं, त्याचा मुलगा ऑफिसच्या दारावर लाथा घालत होता. ड्रायव्हर फोनवरून वर तक्रार करत होता. साहेब खुर्चीत ताठ बसले होते. मला मनातून वाटत होतं, फुटू दे ती पार, म्हणजे सुटलो... असं वाटल्याची आजही लाज वाटते. गँगमन परत आले. पार धडधाकट होती. वरच्या अंगाच्या लोकांनी आपली शेतं बुडू नयेत म्हणून मला न सांगता तलावाचं तुडूम उघडलं होतं आणि पाणी सोडायच्या त्या दारातून सुटलेलं पाणी खालचा चिखल उपसत आलं होतं. तलावाचा माणूस असून मला एवढं ओळखता आलं नाही.

बातमी कोणी दिली, हे साहेबांना लिहून द्यायचं होतं. त्याच वर्षी मी नोकरीत कायम होणार होतो. मी त्यांचे पाय धरले, "साहेब, माझं नाव कोनालेच सांगू नका." त्यांनी लिहिलं, मी स्वतः जाऊन पाहिले. म्हणजे ड्युटीवर स्टेशन सोडलं हा एक गुन्हा आणि नसलेलं पाहिलं हा दुसरा. खरं माहीत असलेला पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, त्यांच्याच शब्दातला, तो गप्प राहिला. चौकशी झाली, बदली झाली. गावानं ठरवून टाकलं की पुराच्या नि स्फोटाच्या गोष्टी वाचून मास्तरांचं डोकं फिरलं. घरीही तेच. साहेबांच्या बायकोनं, काकूंनी, वह्या रद्दीत घातल्या आणि साहेबांनी गोष्टी सांगणं सोडलं. मी मात्र कायम झालो.

ते रिटायर झाल्यावर एकदा गेलो, आता सांगून टाकतो म्हणालो. त्यांनी हातानंच नको म्हटलं. "त्या तारबाबूचं जहाज फुटलं म्हणून तो मोठा झाला. नसतं फुटलं, तर गाडी कायले थांबवली म्हणून त्याची बी चौकशीच झाली असती. त्यानं सांगणाऱ्यावर भरोसा ठेवला, बस." मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी पुन्हा गप्प बसलो.

तेरवीला गेलो तेव्हा मात्र राहवलं नाही. काकूंसमोर बसून सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मी त्याईले पागल म्हणत होती. मले तरी सांगायचं होतं त्याईनं." मी म्हटलं, कोणालाच सांगू नका, असं मीच म्हणालो होतो.

"ते जित्ते होते तवा काऊन नाई आले तुमी?" त्यांनी विचारलं.  त्यांनी डोळे पुसले नाहीत की आवाज चढवला नाही. "आता मले सांगून का होते? जे हासले त्याईले सांगा."

म्हणून हे लिहिलं. त्या दिवशी टेंभरे साहेब तलावावर गेलेच नव्हते. त्यांनी काहीही पाहिलं नव्हतं. गेलो होतो मी, आणि चुकीचं पाहून आलो होतो.