रत्नाबाईंची दुसरी चाचणी

मल्लेश्वरमच्या रत्नाबाई साड्यांना फॉल-पिको करून देत. नवरा, रघुजी, गेला तेव्हा डॉक्टरांनी त्यांचंही रक्त तपासलं आणि त्याचा एचआयव्ही त्यांच्यातही निघाला. त्याला चौदा वर्षं झाली होती. एचआयव्हीची गोळी त्यांनी एकही दिवस चुकवली नाही. मुलगी भव्या शाळेत शिकवायची. आई रक्तदाबाची गोळी घेते, एवढंच तिला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी दवाखान्यात डॉक्टर संहितांनी त्यांना गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यायला सांगितलं.

"मला काही त्रास नाही. कशाला उगाच?"

"त्रास सुरू झाल्यावर उशीर होतो, अक्का. एचआयव्ही असलेल्या बायकांना हा कॅन्सर जास्त होतो."

"सरी, घेते करून," रत्नाबाई म्हणाल्या. मागे रांग खोळंबली होती.

तपासणीत एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला. "म्हणजे कॅन्सरच ना?" त्यांनी विचारलं.

"हा पुष्कळ जणींत सापडतो, सगळ्यांना कॅन्सर होत नाही," संहिता म्हणाल्या. "आता पेशींना रंग लावून बघू. बिघडायला लागलेल्या पेशींत ठरावीक प्रथिनं वाढतात, ती रंगानं उठून दिसतात."

"ओलं फडकं घासून साडीचा रंग जातो का बघतो, तसं?"

"स्वल्प तसंच."

पंधरा दिवसांनी अहवाल आला. रंगाची खूण उमटली होती. मग दुर्बिणीतून पाहून तिथला तुकडा तपासायला काढला. कॅन्सर नव्हता, पण त्याच्या अलीकडची पायरी होती. तेवढा भाग काढून टाकायचा होता आणि सोबत घरचं माणूस हवं होतं.

संध्याकाळी भव्या वह्या तपासत बसली होती. रत्नाबाईंनी समोर बसून रघुजींपासून सगळं सांगितलं.

"चौदा वर्षं, आई? मी काय परकी होते?"

"तुझं लग्न अडेल असं वाटलं. मग सांगायचं राहूनच गेलं."

दोन दिवस भव्या नुसतं वाढलेलं जेवली, उठली. तिसऱ्या दिवशी सकाळी रजेचा अर्ज लिहिताना तिनं मान वर न करता विचारलं, "किती वाजता निघायचं?"

दवाखान्यात अर्ध्या तासात काम झालं. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या. यंदाच्या तपासणीत खूण नाही, पण विषाणू अजून आहे, म्हणून दरवर्षी जावं लागणार. भव्या त्या चौदा वर्षांवरून अधूनमधून टोचून बोलते. रत्नाबाई ऐकून घेतात.