नाडी गप बसवली तेव्हा

आमच्या केमिकल कारखान्यात वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी होते. प्लांटवर काम करायचं तर फिटनेसचा कागद लागतो. तो मिळाला नाही तर माणसाला स्टोअरमध्ये नेऊन बसवतात. त्यामुळे आम्ही ऑपरेटर मंडळी या तपासणीकडे दहावीच्या परीक्षेसारखं बघतो. आजार आहे की नाही हे नंतर, आधी पास झालं पाहिजे. आदल्या दिवसापासून चहा-तंबाखू बंद, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला की श्वास सावकाश, हे सगळं ज्ञान सेक्शनमध्ये फुकट मिळतं. मी बावन्न वर्षांचा होईपर्यंत या विषयात कधी नापास झालो नव्हतो.

यंदा ईसीजी जरा वेडावाकडा आला. पालघरला जाऊन स्ट्रेस इको करून आणा, असं कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवसापासून बायकोनं मला पाण्याच्या कॅनला हात लावू दिला नाही. सालवडला आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि पिण्याचं पाणी वीस लिटरच्या कॅनमधून खालून आणावं लागतं. ती तो कमरेवर घेऊन, मधल्या वळणावर टेकत, वर आणायची. मला ते बघवत नसे. तरी मी बघत असे.

शिफ्टमधला माझा जोडीदार दांडी गावचा. त्याला रक्तदाबाची गोळी चालू होती. त्यातली एक त्यानं कागदात बांधून माझ्या खिशात सारली. "जायच्या आदी घे. नाडी गप बसते. डाक्टरला काय कलत नाय," तो म्हणाला. त्याचा हेतू शंभर टक्के चांगला होता. मी गोळी घेतली.

पालघरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि समजावून सांगण्याची त्यांना हौस होती. आधी निजवून सोनोग्राफीसारखं हृदय बघायचं. मग फिरत्या पट्ट्यावर पळवून नाडी चढवायची आणि लगेच परत निजवून बघायचं. बसल्या जागी हृदयाचं भागून जातं. पळाल्यावर ज्या नळीत अडथळा असेल, तिच्या भागाला रक्त कमी पडतं आणि हृदयाची तेवढीच भिंत नीट आकसत नाही. ऐकताना मी मान डोलावत होतो. ही चाचणी नाडी चढवण्यासाठीच असते आणि मी ती बसवून आलोय, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही असं नाही. शिरलं. पण मला कागद हवा होता.

पाय भरून आले तरी नाडी एकशे दहाच्या पुढे जाईना.

"नाडी कमी करणारी काही गोळी घेतलीत का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी रिपोर्ट लिहिला. भिंतींची हालचाल ठीक. मात्र नाडी पुरेशी वाढली नाही, त्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही. घरी बायकोला मी पहिलंच वाक्य वाचून दाखवलं. तिचा चेहरा उजळला. तिनं शिरा केला. भावाला फोन करून सांगितलं की यांचं हृदय अगदी ठणठणीत आहे. शेजारणीलाही सांगून झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हसत म्हणाली, "आता चला, तुमची सुट्टी संपली. कॅन आणा."

मी आणायला गेलो. मधल्या वळणावर छातीवर कुणीतरी पाय दिल्यासारखं झालं आणि डावा हात जड पडला. मी कॅन ठेवून पायरीवर बसलो. मला भीती वाटली, साधी, मरणाची. ती धावत खाली आली तेव्हा मी तिला गोळीचं सांगून टाकलं. ती तशीच रिक्षा करून मला पालघरला घेऊन गेली.

बाईंनी आधी ईसीजी काढला, रक्त तपासलं, दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. झटका आलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी, गोळीचा अंमल उतरल्यावर, त्यांनी शेजारी उभं राहून पुन्हा चाचणी केली. या वेळी नाडी भराभर चढली. थोड्याच वेळात त्यांनी मला थांबवून कुशीवर निजवलं आणि यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवला. सगळ्या भिंती जोरानं आत येत होत्या. समोरचा एक तुकडा मात्र जागचा हलत नव्हता.

"मुख्य नळीत अडथळा दिसतोय. आजच अँजिओग्राफी करून घेऊ," बाई म्हणाल्या.

बायकोनं विचारलं, "मागच्या वेळीही हे असंच होतं?"

"असणारच. आपल्याला दिसलं नाही, एवढंच."

मला वाटलं, आता ती माझ्यावर कडाडेल. मी तयारही होतो. तिनं माझ्या छातीवरची जेली पुसायला कापूस घेतला, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

"आणि मी तुम्हाला कॅन आणायला पाठवलं," ती म्हणाली.