देवांना पट्टा बांधणाऱ्या बाई

गाडीत बसल्या की बाई आधी आपला पट्टा ओढायच्या, खटका बसवायच्या आणि मग डावा हात समोरच्या डॅशबोर्डवर ठेवून गप्प राहायच्या. ड्रायव्हरने किल्लीला हात घातला की म्हणायच्या, "वाजलं नाही अजून." गाडीत किती माणसं बसली आणि किती खटके वाजले, हे त्यांच्या कानांना बरोबर कळायचं. एखाद्याने पट्टा नुसता अंगावरून ओढून हातात धरला, तर मागे वळून न बघता त्या म्हणत, "सर, पट्टा धरायचा नसतो, लावायचा असतो."

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. या बाईंबद्दल शांतपणे लिहिणं मला जमणार नाही. राग त्यांचा नाही, त्यांच्यावर हसणाऱ्यांचा आहे. तुम्हीही असे हसणारे पाहिले असतील. कदाचित तुमच्याच गाडीत बसतात ते.

माळव्यातल्या देवासहून पीपलरावां गावाकडच्या एका शाळेत आम्ही चार मास्तर एकाच गाडीने जायचो. गाडी चौहान सरांची. बाई गणित शिकवायच्या, आणि माझ्याच गल्लीत राहायच्या. पहिल्या दिवशी बाई पुढच्या सीटवर बसल्या आणि मागच्यांना पट्टे लावायला सांगितलं. चौहान सर आरशात बघून हसले. "अरे मैडम, पीछे कौन लगाता है बेल्ट?"

"चौहान साहब, गाड़ी ठुकी तो पीछे वाला पीछे नहीं रहता. उड़ के सीधा आपकी गर्दन पे आएगा. पीछे शर्मा सर बैठे हैं. उनको एक बार मुड़ के देख लो."

चौहान सरांनी वळून पाहिलं. शर्मा सर चांगलेच वजनदार होते. त्या दिवसापासून शर्मा सरांचा पट्टा लागला की नाही, हे चौहान सर स्वतः विचारू लागले.

सगळेच असे ऐकत नव्हते. कोणाला गरम व्हायचं, कोणाची साडी चुरगळायची, कोणाला आपण भित्रे दिसू असं वाटायचं. पोलीस दिसला की पट्टा खांद्यावर ओढायचा, मुठीत धरून ठेवायचा आणि चौक गेला की सोडायचा. खटका बसवण्यापेक्षा याला मेहनत जास्त लागते! पण नाही, पोलिसाला फसवल्याचा आनंद मिळतो ना. आमच्या गल्लीतल्या एका वकिलांनी तर बाजारातून एक लोखंडी क्लिप आणली होती. ती खाचेत अडकवली की गाडीला वाटतं पट्टा लागला, आणि ती पीं-पीं करायची थांबते. बाईंनी एकदा त्यांच्या गाडीतून लिफ्ट घेतली, उतरताना ती क्लिप काढली आणि समोरच्या नालीत टाकली. वकीलसाहेब ओरडले, "अहो, मॅडम!" बाई म्हणाल्या, "गाडी ओरडत होती तिचं तोंड बांधलंत. मी ओरडते, माझं बांधून दाखवा."

लोकांनी मग कारण शोधायला सुरुवात केली. एवढी कटकट करते म्हणजे हिचं कोणीतरी अपघातात गेलं असणार. यजमान गेले का तसे? नाही, यजमान काविळीने गेले. मग भाऊ? भाऊ ठणठणीत. शाळेत एका नव्या मास्तरणीने हळूच, दुःखी चेहरा करून विचारलं, तेव्हा बाई संतापल्या. मी त्यांना एवढं संतापलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

"कोणी मेलं पाहिजे का आधी? माझं कोणी गेलेलं नाही. जाऊ नये म्हणून बोलते. गाडीबरोबर पुस्तक मिळतं ते मी वाचलं, तुम्ही वाचलं नाही, एवढाच फरक आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला माझ्या खाटेवर मरायचंय. रस्त्यावर नाही."

आता मुख्य गोष्ट सांगतो, जिच्यामुळे माझा राग अजून गेलेला नाही.

बाईंच्या सासरचं घराणं मराठ्यांच्या दरबाराबरोबर माळव्यात आलेलं. दोन भाऊ, थोरले देवासला, म्हणजे बाईंचे यजमान, आणि धाकटे धारला. घरचे देव दोघांत एकच. खंडोबाचे आणि भवानीचे चांदीचे टाक, पितळी पट्ट्या मारलेल्या सागवानी पेटीत. एक वर्ष ते देवासला राहायचे, एक वर्ष धारला. चंपाषष्ठी आली की देव घर बदलत. यजमान गेल्यावरही देवांची ही पाळी बाईंकडे चालू राहिली होती आणि त्यांना तिचा फार अभिमान होता.

देव न्यायची रीत ठरलेली होती. घरातल्या सवाशिणीने पुढे बसायचं, पेटी मांडीवर घ्यायची, आणि दुसऱ्या घराचा उंबरा येईपर्यंत कुठे टेकवायची नाही. बैलगाडीच्या काळातली रीत. गाडीवानाशेजारी देव बसले की त्यांना रस्ता दिसतो, असं म्हणत. बैल गेले, मोटारी आल्या, रीत तशीच पुढच्या सीटवर येऊन बसली. वर एक कलम नवीन जोडलं गेलं होतं: देव मांडीवर असताना पट्टा लावायचा नाही. का, तर देवाला बांधायचं नसतं.

त्या वर्षी देव धारला जायचे होते. न्यायला बाईंचे दीर आले, त्यांचा मुलगा निखिल आला आणि निखिलची बायको मेघा. मेघाला सातवा संपत आला होता. पेटी उचलायला हात लागेल म्हणून बाईंनी मला बोलावलं होतं. आरती झाली, मेघा पुढच्या सीटवर बसली, दिरांनी पेटी तिच्या मांडीवर ठेवली. पोट पुढे आलेलं, त्याला टेकून पेटी, आणि पेटीसमोर वीतभरावर डॅशबोर्ड. त्या पोरीला श्वास घ्यायला जागा नव्हती, तरी ती हसत होती. नवी सून होती, दुसरं काय करणार?

बाई ओटीचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि ते दृश्य पाहून ताट त्यांनी माझ्या हातात दिलं.

"मेघा, उतर."

"वहिनी, मुहूर्त टळतोय," दीर म्हणाले.

"टळू द्या. भावजी, या डब्ब्यात एअरबॅग आहे." बाईंनी डॅशबोर्डवर हात ठेवला. "ठोकर लागली की ती फाडकन् बाहेर येते. मधे ही पेटी. पेटीमागे हिचं पोट. कळतंय का मी काय म्हणते ते?"

"अहो, देव आहेत मांडीवर. देव असताना ठोकर कशी लागेल?"

"मग एअरबॅगवाली गाडी कशाला घेतली? बैलगाडी घ्यायची."

निखिल मधे पडला. "काकू, मैं धीरे चलाऊंगा ना. हळू चालवतो."

"तू हळू चालवशील रे. समोरचा चालवेल का?"

दिरांचा आवाज चढला. "देवाला बांधायचं नाही, ही रीत आहे आपली! देव मोकळे बसतात."

"रात्री देव्हाऱ्याला कडी घालता तेव्हा देव मोकळे असतात का?"

दीर चिडले आणि ड्रायव्हरच्या सीटकडे बोट करून निखिलला म्हणाले, "चल, बैठ." निखिल बसला. आणि बाई गाडीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. नऊवारी नेसलेल्या, कपाळावर भंडारा. गल्ली गोळा झाली. वकीलसाहेब गच्चीवरून बघत होते. कोणीतरी म्हणालं, "क्या हो गया भिया, मैडम को?" मला त्या सगळ्यांना दगड मारावेसे वाटले.

शेवटी मेघाच उतरली. बाईंनी पेटी मागच्या सीटवर ठेवली, खाली शालीची घडी घातली, पट्टा पेटीच्या कड्यातून ओवून खटका बसवला आणि तिला हात जोडले. पेटीशेजारी मेघाला बसवलं. पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून जात होता, तो बाईंनी स्वतः खाली सरकवून मांड्यांच्या वर, पोटाच्या खाली घेतला, आणि वरचा भाग छातीच्या मधून पोटाच्या बाजूला. "इथे असू दे. घट्ट वाटलं तरी सोडायचा नाही." पुढच्या सीटवर दीर जाऊन बसले, तोंड फुगवून. बाई परत गाडीपुढे गेल्या.

"भावजी, वाजलं नाही अजून."

त्यांनी इतक्या जोरात खटका लावला की तो गल्लीभर ऐकू गेला. मग बाई बाजूला झाल्या.

धार यायच्या बऱ्याच आधी, घाटाबिल्लोदजवळ, सोयाबीनने भरलेली एक ट्रॉली एकदम रस्त्यावर आली. निखिलने ब्रेक दाबला, पण गाडी ट्रॉलीत घुसलीच. पुढच्या दोन्ही एअरबॅगा उघडल्या. निखिलचं नाक सुजलं. दिरांच्या छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत काळानिळा पट्टा उमटला. मेघाला दवाखान्यात नेलं, एक दिवस ठेवलं आणि घरी पाठवलं. पोटातलं बाळ सुखरूप. पेटीतलं तर कुंकूही सांडलं नव्हतं.

मला वाटलं, आता तरी हे लोक येऊन बाईंच्या पाया पडतील. अहो, कसले! धारहून पहिली बातमी आली ती अशी, की देवांनी वाचवलं. बरं, म्हणू दे. दुसरी बातमी आली ती ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. दीर सगळ्यांना सांगत होते, वहिनींनी देव बांधले म्हणून ठोकर लागली. इतक्या वर्षांत कधी लागली होती का? आणि शर्टाची बटणं काढून छातीवरचा वण दाखवत होते. पट्ट्याने बघा कशी छाती ठेचली! ज्या पट्ट्याने हा माणूस काचेबाहेर जाण्यापासून वाचला, त्याचीच तक्रार हा गावभर करत होता.

मेघाला मुलगी झाली. बाईंना बारशाचं बोलावणं आलं नाही.

वर्ष गेलं, देव बाईंकडे यायची पाळी आली. चंपाषष्ठीला त्यांनी देव्हारा घासला, भरीत केलं, बाजरीच्या भाकऱ्या केल्या आणि नेहमीप्रमाणे मला जेवायला बोलावलं. आम्ही ओट्यावर गाडीची वाट बघत बसलो. भाकऱ्या गार झाल्या. मग फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मला ऐकू आलं.

"वहिनी, गुरुजी म्हणतात देव आता इथेच राहू द्या. हलवायला नकोत."

बाईंनी फोन जवळ ओढला. मग म्हणाल्या, "पोर बरी आहे ना?"

"कोण? हां, बरी आहे. रांगते."

"मग ठेवा देव."

फोन ठेवून त्या आत गेल्या आणि पानं वाढली. मी चिडलो. म्हटलं, "बाई, भांडा ना! पाळी तुमची आहे. मी येतो धारला." त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "सर, भांडायचं होतं ते मी गाडीसमोर भांडले. जे मागायचं होतं ते मिळालं." आणि मग पदराने डोळे पुसले. गणित शिकवणाऱ्या त्या कडक बाईंना मी रडताना त्या दिवशी पाहिलं. त्यांचा देव्हारा पुढे तसाच राहिला. मधली जागा रिकामी, रोज पुसलेली, समोर निरांजन. तिथे दुसरी तसबीर त्यांनी कधी ठेवली नाही.

या उन्हाळ्यात बाई गेल्या. दुपारी जेवून पडल्या, त्या उठल्या नाहीत. आपल्या घरात, आपल्या खाटेवर.

तेराव्याला धारहून सगळे आले. तेव्हा आले. जेवणं झाल्यावर ओट्यावर पान लावत दीर म्हणाले, "जिंदगीभर पट्टा-पट्टा केलं वहिनींनी. गेल्या कशा, तर खाटेवर झोपल्या झोपल्या. काय उपयोग झाला?" दोन-चार जण हसले. वकीलसाहेबही हसले.

मी पानाचं तबक उलटं केलं. "तेच हवं होतं त्यांना! खाटेवर मरायचंय म्हणून सांगायच्या मला. आणि तुम्ही इथे बसून पान खाताय ना, ते कोणामुळे?" मी अजून बरंच बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. दारात मेघा उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी ते निघाले. निखिल कामासाठी मागे राहणार होता, म्हणून गाडी मेघा चालवणार होती. मागे तिची मुलगी लहान मुलांच्या खुर्चीत पट्टे लावून बसली होती, हातात बाईंच्या शाळेची जुनी घंटा घेऊन. दीर पुढे बसले. थोरल्या भावाची काचेची मोठी तसबीर त्यांनी घरातून घेतली होती, ती मांडीवर उभी धरली. मेघा उतरली, पलीकडून आली, काही न बोलता तसबीर उचलली, मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून ठेवली आणि तिला पट्टा लावला. परत येऊन स्टिअरिंगवर बसली. स्वतःचा पट्टा लावला. मग डावा हात डॅशबोर्डवर ठेवला आणि गप्प राहिली.

दीर समोर बघत होते. मी फाटकाशी उभा होतो.

"चल ना, मेघा."

"बाबा, वाजलं नाही अजून."

त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घराच्या बंद दाराकडे. मेघाने किल्लीला हात लावला नाही.

त्यांनी पट्टा ओढला. मग वाजलं. बाई ऐकायला नव्हत्या.