दुरुस्त केलेले डाव

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. कामात चोख माणूस. दुसऱ्याच्या तोंडातली केसाएवढी फट त्यांना दिसायची. स्वतःच्या तोंडून काय निघतं याकडे मात्र लक्ष कमी, हे आधीच सांगून ठेवतो.

रविवारी दुपारी क्लबात पोकरच्या स्पर्धा होत. मास्तर वर्षानुवर्षं खेळत आणि वर्षानुवर्षं अर्ध्या वाटेत गारद होत. एकदा बायकोने विचारलं, हे असं कुठवर चालायचं? मास्तर मोठ्या बाणेदारपणे बोलून गेले, की यंदाच्या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या टेबलावर, म्हणजे उरलेल्या नऊ जणांत, बसलो नाही, तर पत्त्यांवर कायमचं पाणी सोडलं. बोलून झालं आणि पस्तावले. दिवसभर मेण, प्लास्टर आणि अनोळखी हिरड्या; पत्ते सोडले तर त्या माणसाकडे उरत काय होतं?

म्हणून त्यांनी मेहुण्याला धरलं. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, घड्याळं दुरुस्त करायचा आणि पोकरमध्ये सगळ्या क्लबाचा बाप होता. मग त्याचे हात थरथरायला लागले. घड्याळं सुटली, आणि टेबलावर चिप्सचा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा, ढीग सारखा कोसळायला लागला तेव्हा लाजेने पोकरही सुटलं. आता तो दुकानात घड्याळांचे पट्टे विकत बसे. मास्तरांनी बोलावलं तेव्हा बिचारा हरखला.

दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मेहुणा त्यांच्या कारखान्यात येई. मास्तर कालचा हरलेला डाव सांगत, मेहुणा तो कामाच्या टेबलावर पुन्हा मांडे. चिप्सऐवजी कवळ्यांचे सुटे दात: दाढ म्हणजे मोठी चिप, पुढचा दात म्हणजे लहान. कुणी किती लावले, कोण कधी थांबला, असं खोदून खोदून विचारी. थरथरत्या बोटांनी दाढा पुढे सरकवताना त्याचा चेहरा खुले.

आणि मास्तर त्याला खोटं सांगत. सगळं नाही, थोडंसंच. कंटाळा आला म्हणून भिकार पत्त्यांवर चिप्स उधळल्या, हे धाकट्या मेहुण्यासमोर कबूल कसं करायचं? क्लबातल्या कापडवाल्या आजोबांनी एकदा सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. मास्तर हातात सत्ती असताना ईर्ष्येने भिडले, आजोबांनी राजांची जोडी दाखवली आणि मास्तरांचा कचरा झाला. सोमवारी सांगताना मात्र त्या सत्तीची राणी झाली, आणि मास्तरांनी शहाण्यासारखे पत्ते टाकून डाव सोडला, म्हणजे आजोबांचे राजे उघडायचा प्रश्नच उरला नाही. पुढचे डावही तसेच. सांगून सांगून तेच डाव मास्तरांना खरे वाटायला लागले. अशा माणसांचा मला राग येतो, पण काय करता.

मेहुण्याने त्या डावांवर खूप डोकं घातलं. शेवटी म्हणाला, "भावजी, तुम्ही दर वेळी पत्ते टाकता म्हणून आजोबा हातात काही नसताना थापा मारतात. त्यांचे पत्ते कुणी पाहिलेच नाहीत. मोठ्या स्पर्धेत त्यांनी सगळ्या चिप्स ढकलल्या, तर डाव सोडू नका."

मोठ्या स्पर्धेत दहा जण उरले. आणखी एक बाद झाला की बाकीचे शेवटच्या टेबलावर. मास्तरांनी फक्त गप्प बसायचं होतं. तेवढ्यात आजोबांनी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. मास्तरांकडे एक्का-राणी होती. ते भिडले.

आजोबांनी राजांची जोडी उलटली. मग टेबलावर उघडलेल्या पत्त्यांत एक्का काही आला नाही, आणि मास्तर बाद झाले.

"मागेही तुम्हाला राजेच दाखवले होते, मास्तर," आजोबा चिप्स ओढून घेत म्हणाले. "विसरलात?"

मास्तरांना तेव्हा सगळं आठवलं. सत्तीसकट.

घरी बायको आणि मेहुणा वाट पाहत होते. मेहुण्याने डाव विचारला. मास्तरांनी तो खरा सांगितला, फक्त आजोबांचं बोलणं गाळलं. मेहुण्याने आपली बोटं मुठीत मिटली.

"चूक माझी आहे, ताई," तो म्हणाला. "भावजी पत्ते टाकूनच देणार होते. शेवटचं टेबल हुकलं ते माझ्यामुळे. त्यांचे पत्ते बंद करू नकोस."

बायकोने दोघांकडे पाहिलं. तिला नवऱ्यापेक्षा भावाचा राग आला होता.

"बरं, खेळू देत," ती म्हणाली. "पण तू त्यांना शिकवायला जायचं नाहीस. आधी स्वतःचं बघ."

मेहुण्याने मान हलवली. मास्तरांनी तोंड उघडलं. आता खरं सांगायचं, असं त्यांच्या मनात होतं, हे मी मानतो. पण पुढच्या रविवारची स्पर्धा डोळ्यांसमोर आली.

"जाऊ दे रे," ते मेहुण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही."