दोर ताठ होईपर्यंत

वारा पडला की हुसेनसागर तलावात शिडाची नाव जागीच खिळायची. मग काठावरचा एक म्हातारा नावाडी छोटी होडी घेऊन जायचा, नावेला दोर बांधायचा आणि आधी अगदी हलक्या हाताने वल्हवायचा. दोर पाण्यातून वर येऊन ताठ झाला की मगच जोर लावायचा.

भाषावार राज्यं झाली आणि माझी बदली मुंबईला झाली. आई हिमायतनगरचं घर सोडायला तयार नव्हती. तिला न विचारताच मी तिची वळकटी बांधून टाकली होती.

त्या संध्याकाळी काठाजवळच एक नाव अशीच खिळली होती. मी काठावरून वैतागून नावाड्याला म्हणालो, "जरा जोरात ओढा की."

"झटका मारे तो रस्सी टूट जाती साब," तो शांतपणे म्हणाला, "कश्ती वहींच रहती."

घरी येऊन मी वळकटीची दोरी सोडली आणि आईजवळ नुसता बसून राहिलो.